चढाईतला वेग आणि संघाची मांडणी : प्रस्तावना

कबड्डीच्या संघाला वेगवान चढाईपटू मिळणे हा बराचसा योगायोग असला, तरी मिळालेल्या चढाईपटूचा उपयोग कसा करून घ्यावा हा विचाराचा विषय आहे. आणि मराठीत कबड्डीवर जे लेखन झाले त्यात नियम, इतिहास, मैदानाची मापे आणि नामवंत खेळाडूंची चरित्रे यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी या विचाराला मिळालेली नाही. प्रस्तुत पुस्तक त्या एकाच प्रश्नाला वाहिलेले आहे. संघातला सर्वांत चपळ गडी केव्हा पाठवावा, केव्हा मागे ठेवावा, बचावाच्या वेळी त्याला कोठे उभे करावे आणि तो बाद झाला तर त्याला परत मैदानात कोणी आणावे, हे सगळे वरवर पाहता एका खेळाडूचे प्रश्न वाटतात, परंतु त्यांची उत्तरे उरलेल्या सहा जणांत शोधावी लागतात, ही या पुस्तकाची मुख्य भूमिका आहे. हिंगोली जिल्ह्यातील शाळांचे आणि गावोगावच्या मंडळांचे संघ नजरेसमोर ठेवून ते लिहिलेले असल्यामुळे, मोठ्या शहरांतील संघांना ज्या सोयी गृहीत धरता येतात त्या येथे धरलेल्या नाहीत.

खेळाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्या वाचकासाठी काही मूलभूत गोष्टी आधी मांडणे आवश्यक आहे. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते व मध्यरेषेने त्याचे दोन समान भाग होतात. प्रत्येक बाजूला सात गडी उभे राहतात आणि त्यांपैकी एक जण अखंड ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम घालत प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरतो, कोणाला तरी स्पर्श करतो आणि पकडला न जाता परत येतो. या चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा असते, जी एकदा तरी ओलांडल्याशिवाय, स्पर्श झालेला नसल्यास, चढाई पूर्ण होत नाही. तिच्या पुढे आणखी 1 मीटरवर बोनस रेषा असते, जी सहा किंवा सात बचावपटू मैदानात असताना योग्य रीतीने ओलांडली तर कोणालाही न शिवता एक गुण मिळतो. मैदानाच्या दोन्ही कडांना 1 मीटर रुंदीची राखीव पट्टी असते व स्पर्श किंवा झटापट झाल्यावरच ती खेळाच्या क्षेत्रात धरली जाते. एका बाजूचे सर्व गडी बाद झाले की तिच्यावर लोण चढते, प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात आणि बाद झालेला संपूर्ण संघ पुन्हा मैदानात उतरतो.

इथपर्यंतचे नियम गावातल्या पोरालाही पाठ असतात. ज्याकडे लक्ष कमी जाते तो नियम जिवंत होण्याचा आहे. चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो आणि त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला म्हणजे बाहेर बसलेल्यांपैकी एक जण आत येतो; परंतु कोणी यायचे हे संघनायक ठरवत नाही, जो आधी बाद झाला तो आधी येतो. म्हणजे आधीच दोन गडी बाहेर असताना वेगवान चढाईपटू पकडला गेला, तर त्याच्या संघाला तीन गडी बाद केल्याशिवाय तो परत मिळत नाही, आणि हे तीन गडी बाद करण्याचे काम त्याच्याविनाच करावे लागते. बोनस रेषेचा गुण फलकावर चढतो खरा, पण त्याने कोणीही जिवंत होत नाही. पुरुषांच्या सामन्यात 20 मिनिटांची दोन सत्रे असतात आणि एका चढाईला जास्तीत जास्त अर्धा मिनिट, असा हिशेब केला तर प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणपणे 40 चढाया येतात. त्यांपैकी दहा-बारा चढायांच्या काळात संघातला सर्वांत उपयोगी गडी बाकावर बसून असेल, तर त्याने आधी मिळवलेल्या गुणांची किंमत तेवढ्याने कमी होते. प्रेक्षक गुण मोजतात. प्रशिक्षकाने बाहेर बसण्याचा काळही मोजायला हवा, आणि या पुस्तकातील बहुतेक विवेचन या दुसऱ्या मोजणीवर उभे आहे.

या नियमाचे महत्त्व खेळाच्या इतिहासातही दिसते. आजची कबड्डी एकरूप होण्यापूर्वी ती महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु आणि तमिळ प्रदेशात चेडुगुडु या नावांनी खेळली जात होती, आणि नावांपेक्षाही मोठा भेद बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करायचे यात होता. संजीवनी पद्धतीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला गडी जिवंत होत असे. गामिनी पद्धतीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहत असे. अमर पद्धतीत बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त गुण मांडला जात असे. या तीन पद्धतींकडे इतिहासकारांनी नियमांचे भेद म्हणूनच पाहिले आहे, परंतु चढाईपटूच्या दृष्टीने पाहिले तर त्या तीन वेगवेगळ्या डावपेचांच्या शाळा ठरतात. अमर पद्धतीत वेगवान गड्याला पुन्हापुन्हा पाठवण्यात तोटा काहीच नव्हता, कारण पकडला गेला तरी तो पुढच्या चढाईला मोकळाच असे. गामिनीत मात्र त्याला जपून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण एक चूक म्हणजे लोण चढेपर्यंतचा वनवास. संजीवनी या दोहोंच्या मधली आहे, आणि आज सर्वत्र तीच रूढ असल्यामुळे वेगवान चढाईपटू किती वापरावा आणि किती जपावा हा तोल सांभाळणे हेच आजच्या कबड्डीतले खरे कौशल्य होऊन बसले आहे. तरीही अनेक संघ आपल्या चपळ गड्याला अमर पद्धत चालू असल्यासारखे वापरतात.

नियम एकत्र बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत प्रामुख्याने महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि 1952 मध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रास येथे भरली. पुढच्या काळात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी संघटनेसाठी आणि प्रसारासाठी जे कष्ट घेतले त्यांमुळे त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. 1990 च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला आणि तेथपासून 2014 च्या इंचॉनपर्यंत भारतीय पुरुष संघाने सात सुवर्णपदके सलग जिंकली. 2018 मध्ये जकार्ता येथे इराणने ही मालिका उपांत्य फेरीतच तोडली, तेव्हा भारतीय प्रशिक्षकांना आपल्या चढाईपटूंच्या वेगाला उत्तर सापडले आहे याची जाणीव झाली. कुस्तीत मुरलेले, उंच आणि भारदस्त इराणी बचावपटू चढाईपटूचा पाठलाग करत बसले नाहीत. त्यांनी त्याला आत येऊ दिले आणि परतीची वाट बंद केली.

डावपेचांच्या शाळांबद्दल बोलताना प्रादेशिक शैलींचाही विचार करावा लागतो, मात्र तो सावधपणे, कारण खेळाडू आता राज्याराज्यांत फिरतात आणि शैली त्यांच्याबरोबर फिरते. जुन्या मुंबईची कबड्डी गिरणगावातल्या मंडळांत आणि पुढे भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र, मध्य रेल्वे यांसारख्या व्यावसायिक संघांत वाढली. तिचे वैशिष्ट्य पदलालित्य, हूल, बगल लाथ आणि पायाच्या टोकाने केलेला स्पर्श हे होते, आणि तीत नुसत्या धावण्यापेक्षा थांबण्याला अधिक मान होता. हरियाणाच्या खेळाडूंनी अंगातली ताकद आणि लांब उडी यांचा मेळ घातला. या दोन्ही परंपरांत वेगवान गडी होते, परंतु पहिल्या परंपरेने त्याला फसवायला शिकवले आणि दुसरीने सुटायला. ज्याला दोन्ही येते तो दुर्मीळ, आणि तसा गडी हाती लागलेला संघ बहुधा विचार करणेच सोडून देतो.

2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर हा विषय अधिक निकडीचा झाला, आणि त्याची कारणे नियमांत आहेत. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद, हा ‘करो या मरो’चा नियम, आणि तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी चढाईपटूला पकडले तर एक जादा गुण देणारा अव्वल पकडीचा नियम. या दोन नियमांनी चढाईपटूवरचा भार वाढवला. त्यातच मातीऐवजी मॅट आली. मॅटवर पायाला पकड मिळते, त्यामुळे वेगात असतानाच दिशा बदलता येते. परंतु त्याच पकडीमुळे पाय रुततो, शरीर वळते आणि गुडघ्याच्या अस्थिबंधांवर ताण येतो. म्हणजे वेगाचा फायदा वाढला तसा वेगवान गडी गमावण्याचा धोकाही वाढला.

या लीगच्या निकालांकडे बारकाईने पाहिले तर एका मोठ्या चढाईपटूवर विसंबलेल्या संघांची जी कहाणी दिसते ती प्रस्तुत पुस्तकाच्या भूमिकेला पुष्टी देणारी आहे. 2015 च्या दुसऱ्या पर्वात सर्वोत्तम चढाईपटू ठरला तो सांगली जिल्ह्यातील कासेगावचा काशिलिंग आडके. त्याचा दबंग दिल्ली संघ मात्र उपांत्य फेरीतही पोहोचला नाही, आणि विजेतेपद मिळाले ते अनुप कुमार, रिशांक देवाडिगा आणि शब्बीर बापू यांच्यात चढायांची वाटणी करणाऱ्या व भक्कम बचाव असलेल्या यू मुम्बाला. 2019 च्या अंतिम सामन्यात दिल्लीच्याच नवीन कुमारने 18 गुण मिळवले, आणि समोरच्या बंगाल वॉरियर्सचा प्रमुख चढाईपटू मनिंदर सिंग दुखापतीमुळे खेळतही नव्हता. तरी बंगालने तो सामना 39-34 असा जिंकला. याच दिल्लीने पुढच्या पर्वाचा, म्हणजे फेब्रुवारी 2022 मधला, अंतिम सामना पाटणा पायरेट्सविरुद्ध 37-36 असा जिंकला तेव्हा नवीनचे 13 गुण होते आणि विजय मलिकचे 14. नवीनचा वेग दोन्ही वेळा तोच होता. फरक होता तो दुसऱ्या चढाईपटूचा.

पवन सेहरावत याचे उदाहरण आणखी बोलके आहे. 2019 मध्ये त्याने एकाच सामन्यात चढाईचे 39 गुण मिळवले, आणि त्याच्या वेगाबद्दल कोणी शंका घेतलेली नाही. 2022 मध्ये तमिळ थलैवाज संघाने त्याला 2.26 कोटी रुपयांना घेतले, पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो संपूर्ण पर्वाला मुकला. पण ज्या संघाची सारी आखणी त्याच्याभोवती झाली होती तो संघ त्याच्याशिवाय खेळून इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत गेला, कारण नरेंद्र हा नवखा चढाईपटू आणि त्याच्या मागे उभा राहिलेला तरुण बचाव या दोहोंनी ती जागा भरून काढली. त्यापुढच्या पर्वात तेलुगू टायटन्सनी पवनसाठी 2.60 कोटींहून अधिक मोजले. त्याने 200 हून अधिक चढाईगुण मिळवले, आणि संघाने 22 पैकी दोनच सामने जिंकून तळ गाठला.

या उदाहरणांवरून असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल की एका चढाईपटूच्या बळावर विजेतेपद मिळतच नाही. 2017 च्या पाचव्या पर्वात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने 369 चढाईगुण मिळवले, हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीच्या खालून वाकून निसटण्याची त्याची ‘डुबकी’ घराघरांत पोहोचली, आणि पाटणा सलग तिसऱ्यांदा विजेता ठरला. जानेवारी 2019 मध्ये मुंबईत झालेल्या सहाव्या पर्वाच्या अंतिम सामन्यात पवनने एकट्याने 22 गुण मिळवून बंगळुरू बुल्सला जिंकून दिले. हे दोन दाखले या पुस्तकाच्या विरोधात जातात असे पहिल्या वाचनात वाटेल. पण पाटण्याकडे त्या पर्वात मोनू गोयत होता, जो इतर कोणत्याही संघाचा पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू ठरला असता. आणि बंगळुरूच्या संघात पवनच्या सोबतीला संघनायक रोहित कुमार होता, तसाच काशिलिंग आडकेही होता. दिल्लीत एकट्याने भार वाहूनही ज्याला उपांत्य फेरी दिसली नाही, तो येथे तिसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू म्हणून खेळला आणि विजेत्या संघात उभा राहिला. दुसरा चढाईपटू पहिल्याला जिवंत करतो, ही या पुस्तकात वारंवार येणारी गोष्ट येथे जशी दिसते तशी आकडेवारीच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत अभ्यासनीय संघ 2023-24 चा पुणेरी पलटण हा आहे. अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली या संघाने 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळवले, आणि त्या पर्वात सर्वाधिक चढाईगुण मिळवणारा खेळाडू त्यांच्याकडे नव्हता. अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे आणि पंकज मोहिते यांच्यात चढाया अशा वाटल्या गेल्या होत्या की कोणी एक बाहेर बसला तरी आक्रमणाची धार कमी होत नसे. शिवाय इराणचा मोहम्मदरझा शादलुई आणि त्याचे सहकारी पकडी करून बाहेर बसलेल्यांना लगोलग आत आणत असत. अंतिम सामन्यात संघाकडून सर्वाधिक गुण मिळवले ते पंकज मोहितेने, ज्याचे नाव पर्वभर इतरांच्या मागे राहिले होते.

हा प्रश्न कबड्डीपुरता नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू बगलेत धरून प्रतिपक्षाच्या फळीतून धावत जाणारा ‘रनिंग बॅक’ नावाचा गडी असतो आणि त्याचे काम चढाईपटूच्या कामाशी पुष्कळ मिळतेजुळते आहे, फक्त त्याच्यासमोर मोकळी वाट करून देणारे सहकारी त्याच्या पुढे धावतात. डेट्रॉइट लायन्स संघाचा बॅरी सँडर्स हा या जागेवरील सर्वांत चपळ खेळाडूंपैकी एक गणला जातो; 1989 ते 1998 या दहा हंगामांत त्याने 15,269 यार्डांची मजल मारली, 1997 या एका हंगामात 2,053 यार्ड धावला, आणि या साऱ्या काळात बाद फेरीत त्याच्या संघाला मिळालेला विजय एकच होता. तेथील संघांनी पुढे चपळ आणि दणकट अशा दोन धावपटूंमध्ये काम वाटून देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. कबड्डीत ही वाटणी आणखी निकडीची आहे, कारण तेथे खाली पडलेला धावपटू पुढच्या डावाला पुन्हा उभा राहतो, येथे तो बाकावर जातो.

वेगवान चढाईपटू केव्हा पाठवावा याचे उत्तर समोर किती बचावपटू उभे आहेत यावर अवलंबून असते, आणि या मुद्द्यावर पुस्तकाने घेतलेली भूमिका प्रचलित समजापेक्षा वेगळी आहे. सात बचावपटू असताना दोन्ही कोपरारक्षक आणि त्यांच्या शेजारचे मध्यरक्षक हात धरून साखळ्या करतात, मोकळी जागा फार थोडी राहते आणि वेगाला धावायला वाव मिळत नाही. या वेळी उंच, लांब पायाचा आणि संयमी गडी बोनस रेषेसाठी पाठवणे शहाणपणाचे असते. बहुतेक संघ मात्र सामन्याची पहिलीच चढाई आपल्या चपळ गड्याला देतात, बहुधा प्रेक्षकांच्या आग्रहाला बळी पडून. समोर पाच किंवा चार बचावपटू उरले म्हणजे परिस्थिती पालटते: बोनसचा गुण बंद झालेला असतो, अव्वल पकडीचा जादा गुण अजून सुरू झालेला नसतो, साखळ्या तुटलेल्या असतात आणि कोपरा व मध्य यांच्यातले अंतर वाढलेले असते. वेगवान चढाईपटूची हीच खरी वेळ. तीन बचावपटू उरल्यावर जागा आणखी मोकळी होते, लोण समोर दिसू लागते आणि मोह अनावर होतो. पण आता त्याला पकडल्यास प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात आणि शिवाय त्यांचा एक गडी जिवंत होतो, म्हणून या टप्प्यावर त्याने खोल न शिरता एका स्पर्शावर समाधान मानून परतावे. ‘करो या मरो’च्या चढाईला सर्वांत चपळ गडीच पाठवावा हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे, कारण तेव्हा बचावाला ठाऊक असते की हा गडी आत येणारच, आणि ज्याची वाट पाहिली जाते त्याचा वेग अर्धा होतो.

वेग हा एकच गुण नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत पहिला येणारा मुलगा कबड्डीच्या मैदानात निष्प्रभ ठरलेला अनेकांनी पाहिला असेल, कारण निदान रेषेपासून मध्यरेषेपर्यंतचे अंतर चार मीटरही नाही आणि त्यात पूर्ण वेग गाठायला सवड नसते. चढाईपटूला लागतो तो पहिल्या दोन पावलांचा वेग, धावता धावता कंबर खाली ठेवून वळण्याचा वेग आणि बचावपटूच्या खांद्याची हालचाल ओळखण्याचा वेग. यांपैकी शेवटचा वयाबरोबर वाढतो, पहिले दोन कमी होतात. पंचविशी ओलांडलेला चढाईपटू संपला असे मानणाऱ्या मंडळांनी या क्रमाकडे लक्ष दिलेले नसते.

बचावात वेगवान चढाईपटूचे काय करावे याबद्दल प्रशिक्षकांत मतभेद आहेत. काही जण त्याला कोपऱ्यालगतच्या जागी उभे करतात, जेथे साखळीत त्याचा हात उपयोगी पडतो पण पहिली उडी त्याला घ्यावी लागत नाही. काही जण त्याला मध्यभागी ठेवतात, म्हणजे प्रतिपक्षाच्या चढाईपटूपासून तो दूर राहील. पुस्तकाचा कल पहिल्या मताकडे आहे. मध्यभागी उभा असलेला गडी दूर दिसतो, पण हात मारत आडवा धावणारा चढाईपटू त्यालाच आधी गाठतो, आणि एकही चढाई न करता बाद झालेला वेगवान गडी ही संघाची सर्वांत मोठी उधळपट्टी होय.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि त्यामुळे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांतील खेळाडूंना राज्य स्पर्धेसाठी स्वतःचा जिल्हा संघ मिळाला. या गोष्टीचा अर्थ दुहेरी आहे: निवडीची दारे उघडली, पण मुंबई, पुणे, रायगड, ठाणे, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांशी दोन हात करताना पाठीशी नोकरी देणारा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. येथील मैदाने बहुतांशी मातीची आहेत. जिल्ह्यातली काळी जमीन पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते, म्हणून मैदानासाठी निवडलेली माती चाळून, पाणी मारून दाबावी लागते. आणि शालेय स्पर्धांचा प्रारंभ पावसाळ्यातच होत असल्याने कोरड्या मातीवर निवडलेला चपळ मुलगा ओल्या मातीवर घसरतो. तोच मुलगा पुढे विभागीय फेरीला गेला आणि मॅटवर उतरला, तर अनवाणी पायाने घोटलेली त्याची सारी मोजमापे चुकतात. शिवाय दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, तेव्हा गावाचा संघ अर्धा रिकामा होतो. दुसरा चढाईपटू तयार करा हे पुस्तकाचे सांगणे येथे डावपेचापुरते उरत नाही, कारण हंगामाच्या मध्यावर पहिलाच गडी कारखान्याच्या तळावर असू शकतो.

मुलींच्या कबड्डीला पुस्तकात वेगळे स्थान दिले आहे, ते केवळ औपचारिकतेपोटी नव्हे. महिलांचे मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असते, निदान रेषा 3 मीटरवरच येते, त्यामुळे परतीचे अंतर घटते आणि वेगवान चढाईपटूला स्पर्श करून सुटणे सोपे जाते. त्याच वेळी रुंदी कमी असल्याने साखळ्या अधिक घट्ट होतात आणि बाजूने वळसा घेणे अवघड होते. म्हणून पुरुषांच्या खेळातले डावपेच जसेच्या तसे मुलींना शिकवणे चुकीचे आहे. 2012 ची विश्वचषक स्पर्धा आणि 2014 चे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांतील मुंबईच्या अभिलाषा म्हात्रेचा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा होता. 2023 मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिलांनी चिनी तैपेईला 26-25 असे हरवले, तेव्हा एका गुणाच्या त्या अंतरात बाहेर कोण आणि किती वेळ बसले होते, हे सामन्याचे चित्रण पाहताना आवर्जून तपासावे.

पुस्तकाच्या मर्यादा त्याच्या हेतूतूनच येतात. पकडींचे तंत्र त्यात आवश्यक तेवढेच आहे, आहार आणि व्यायाम यांवर स्वतंत्र ग्रंथ असल्यामुळे त्यांना हात घातलेला नाही, आणि पंजाबातील वर्तुळाकार मैदानावरची कबड्डी पूर्णपणे वगळली आहे, कारण तेथे एकास एक झुंज असल्याने संघाच्या मांडणीचा प्रश्नच निराळा होतो. त्याउलट सामन्याची नोंद कशी ठेवावी यावर अनपेक्षित वाटेल इतका भर आहे. शाळेच्या साध्या वहीत प्रत्येक चढाईसमोर तीन गोष्टी लिहाव्यात, असे त्यात सुचवले आहे: समोर किती बचावपटू होते, चढाईपटू बाद झाला तेव्हा त्याच्या आधी आपले किती गडी बाहेर होते, आणि तो किती चढायांनंतर आत आला. गुणलेखकाच्या अधिकृत तक्त्यात या नोंदी अशा एकत्र मिळत नाहीत, आणि त्या ठेवायला संगणक लागत नाही; राखीव गड्यांपैकी एक जण बाकावर बसून त्या लिहू शकतो. पुस्तकातील आकृत्या वाचतानाही हाच क्रम लक्षात ठेवावा, कारण प्रत्येक आकृतीच्या कडेला बाहेर बसलेल्या गड्यांची रांग त्यांच्या बाद होण्याच्या क्रमाने दाखवली आहे आणि विवेचन बहुतेक ठिकाणी त्या रांगेपासूनच सुरू होते.